झेड४ घेऊन नागपूर ते नाशिक, क्लबसोबत पहिलीच लांबची ट्रिप, सल्ला पाहिजे

झेडवाला_धरमपेठ

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं नुसताच वाचून राह्यलो होतो, आज पहिल्यांदा लिहून राह्यलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ घेतली, २०१२ ची, थर्टी-फाइव्ह आय, पांढरी. घरच्यांच्या मते येडेपणा, माझ्याही मते तोच, पण शाळेत असल्यापासून दोन सीटची गाडी डोक्यात होती तर घेऊन टाकली एकदाची. आतापर्यंत गाडीनं काय पाह्यलं तर रविवारी सकाळचा फुटाळा, वर्धा रोड, आणि एकदा पेंच. आता आपल्या स्पोर्ट्स कारवाल्या क्लबनं ठरवलंय की ऑक्टोबरमध्ये एक शनिवार-रविवार धरून नाशिकजवळची रॅली बघायला जायचं. अकरा गाड्या आहेत, त्यात दोन मस्टँग, एक बॉक्स्टर, बाकी पोलो जीटी आणि ऑक्टाव्हियावाले. पहाटे पाचला शिवमडक्याला जमायचं, समृद्धी महामार्गानं सिन्नरजवळच्या गोंद्यापर्यंत, मग सिन्नरवरून नाशिक. संध्याकाळी सर्व्हिस पार्क (रॅलीच्या गाड्या दुरुस्त करतात ती जागा), रविवारी सकाळी स्टेज (रॅलीसाठी बंद केलेला रस्त्याचा तुकडा) बघायची आणि लगेच परत, असा प्लॅन आहे.

आईला रॅलीला चाललो म्हटलं तर म्हणे अधिवेशन तर डिसेंबरात असते, आत्ता कायचा मोर्चा? बायकोनं आधीच सांगून टाकलं की सहाशे किलोमीटर त्या डब्यात बसणार नाही. तर शेजारच्या सीटवर बाबा येऊन राह्यले. वय ६८, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, गुडघे जरा कुरकुरतात, पण रॅली म्हटल्यावर सगळ्यात आधी बॅग त्यांचीच भरून तयार.

आता प्रश्न. गाडीला रनफ्लॅट टायर आहेत, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, स्टेपनी नाहीच, डिकीत जागापण नाही. काही जण म्हणतात रनफ्लॅट काढ, साधे टाक, मऊ चालते गाडी. काही जण म्हणतात समृद्धीवर टायर फुटतात तर हवा चार-पाच पॉइंट कमी ठेव. पंपावरचा पोरगा म्हणतो नायट्रोजन भर, काहीच होत नाही. कोणाचं ऐकू? दुसरं म्हणजे छत उघडून जाता येते का एवढं लांब? आणि तिसरं, हसू नका, तिथं स्टेजवर आपल्याला आपली गाडी एखादा राउंड चालवू देतात का?

---

हिंगणा_टॉर्क

भाऊ, तिसऱ्याचं उत्तर आधी देतो म्हणजे तुझी झोप खराब होणार नाही. नाही. स्टेजवर जायला एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन लागते, गाडीत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) लागतो, हेल्मेट, अग्निशामक, सगळी तपासणी होते. आपण बघे आहोत, बघेच राहायचं.

आता टायर. सगळ्यात आधी खाली वाक आणि टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असते तिथं शेवटचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नसते, सेकंडहँड स्पोर्ट्स कार तर वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, नक्षी झिजतच नाही, रबर मात्र पार्किंगमध्ये उभ्या-उभ्याच म्हातारं होते. नागपूरच्या उन्हात तर लवकरच. सहा वर्षांच्या वर असला तर समृद्धीवर नेऊच नको, किंमत कितीही बोचली तरी.

हवा कमी ठेवायचं ज्यानं सांगितलं त्याला चहा पाज आणि त्याचं ऐकू नको. टायर फुटतो तो हवा जास्त झाली म्हणून क्वचितच, कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूनं दबतो, पुन्हा सरळ होतो, पुन्हा दबतो, त्या मुरडण्यानं आतून तापते आणि बाजूची भिंत सोडते. १२० नं सलग दोन तास चालवला की हे होते, गावात कधी कळत नाही. टायर तापला की पाच-सहा डिग्रीमागे साधारण एक पीएसआय चढतोच, ते धरूनच कंपनीनं थंड टायरचा आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघड, खांबावर स्टिकर आहे, पुढचा-मागचा वेगळा, दोन माणसं आणि फास्ट चालवायचं असेल तर वेगळा, तो भर. पहाटे घरून निघायच्या आधी भर, वर्धा रोडवर दहा किलोमीटर चालवून गेल्यावर नाही. रस्त्यात गरम टायर मोजून वाढलेली हवा काढणारे महाभाग पाह्यलेत मी, ते तर स्वतःच्या हातानं टायर मारून राह्यले.

नायट्रोजन भरायचा तर भर, पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

रनफ्लॅट बदलायचे की नाही ह्यावर आपल्या क्लबात दोन पार्ट्या आहेत, मी रनफ्लॅटवाला. खड्ड्यात कंबर मोडते हे मान्य. पण झेड४ ला स्टेपनी नाही. साधा टायर समृद्धीवर कापला गेला तर डाव्या कडेला उभं राहून फ्लॅटबेड ट्रकची वाट बघत बसायचं, शेजारी बाबा, आणि बाजूनं ट्रक सुसाट. ह्या रोडवर उभ्या गाडीला मागून ठोकल्याच्या बातम्या तूही वाचल्या असशील. रनफ्लॅट पूर्ण बसला तरी ८० च्या स्पीडनं ८० किलोमीटर जातो, म्हणजे पुढच्या इंटरचेंजला आरामात उतरता येते. बाहेर पडून गावात लाग, मग शिव्या दे. फक्त एक, रनफ्लॅट बसलेला डोळ्याला दिसत नाही, फुगलेलाच वाटतो, म्हणून डॅशबोर्डवर वॉर्निंग आली तर "काही नाही, सेन्सर खराब" म्हणून पुढे जाऊ नको. हवा भरल्यावर ती सिस्टम रीसेट करायला विसरू नको. आणि शून्य हवेवर चाललेला रनफ्लॅट पंक्चर काढून परत वापरू नको.

---

तर्री_जास्त

अबे पण सहाशे किलोमीटर जायचं, गाडी दहा सेकंद दिसते, मग पाच मिनिटं धूळ खायची, मग परत दहा सेकंद. तेवढ्या पेट्रोलात घरभर सावजी होते ना बे. जो जिंकला त्याचं नाव तरी तुमच्यापैकी किती जणांना माहीत असते?

---

नाशिकचा_धूळकाका

तर्रीभाऊ, दहा सेकंद बरोबर आहे, धूळही बरोबर आहे. नावाचं म्हणाल तर गौरव गिल हे नाव लक्षात ठेवा, २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिलाच.

मी नाशिकचा, आमच्याकडे पूर्वी नॅशनल चॅम्पियनशिपची रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हापासून मार्शल म्हणून शिट्टी घेऊन उभा राहतो, त्यामुळे नागपूरकर मंडळींना थोडं सांगतो. अकरा गाड्या घेऊन येताय म्हणजे निम्मे जण पहिल्यांदाच येत असतील.

रॅली म्हणजे सगळे एकदम सुटतात असं नसतं. एकेक गाडी एक-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात, शर्यत घड्याळाशी. जो तुकडा बंद करून फास्ट चालवतात ती स्पेशल स्टेज, आणि एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला जातात तो ट्रान्सपोर्ट, तिथे रस्ता सगळ्यांसाठी चालूच असतो. म्हणजे आत्ता ज्याला शंभरच्या वर मातीत आडवा जाताना पाहिलं तोच माणूस पुढच्या नाक्यावर सिग्नलला तुमच्या बाजूला उभा असतो, नंबर प्लेट लावून, रिक्षावाल्याच्या मागे. टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवतात त्या ठिकाणी, उशिरा पोचला तर पेनल्टी, आणि लवकर पोचला तरी पेनल्टी, हे नवीन लोकांना पटतच नाही. शेजारी बसलेला नॅव्हिगेटर वही वाचत असतो, पुढचं वळण किती तीव्र, कड्यावर काय आहे, किती मीटरवर, आणि ड्रायव्हर डोळ्याला दिसायच्या आधी त्या वाचण्यावर गाडी टाकतो. एखाद्या उंचवट्यावर उभं राहून बघा, गाडी वर चढताना ड्रायव्हरला पलीकडचं काही दिसत नसतं आणि तो ॲक्सिलरेटर सोडत नाही. ते दहा सेकंद त्याच्यासाठी बघायचे असतात.

आता उभं कुठे राहायचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नाही, गाडी सुटली की तिकडेच येते. रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर नाही. सरळ रस्ता संपून वळण लागतं तिथे समोर जी मोकळी जागा दिसते, बसायला मस्त वाटते, ती तर ब्रेक न लागलेल्या गाडीसाठीच असते. रस्त्यापासून वर, बांधावर किंवा टेकाडावर, आणि पाठीमागे पळायला जागा ठेवून उभं राहा, पाठ दरीला लावून नको. रस्ता पहिली गाडी यायच्या बराच आधी बंद होतो, त्यामुळे सात वाजता आरामात मिसळ खाऊन निघालात तर नुसती मिसळच होईल. आधी रस्ता मोकळा आहे का बघणारी झिरो कार जाते, तिचा भोंगा ऐकू आला की नंतर रस्ता ओलांडायचा नाही, मोबाईल पलीकडे राहिला असला तरी नाही. आणि कृपा करून सेल्फीसाठी रस्त्याकडे पाठ करू नका. दर वेळी एक तरी निघतोच.

एक महत्त्वाचं राहिलं. स्टेजकडे जाणारा शेवटचा दोन-तीन किलोमीटर रस्ता कच्चा असतो. तुमच्या त्या जमिनीला टेकलेल्या गाड्या डांबरी रस्त्यालाच ठेवा आणि चालत या. शेतात घालू नका. परतीचा पाऊस पडून गेलेला असला तर वरून कोरडं दिसतं, आत लोणी.

काकांना सर्व्हिस पार्कला जरूर आणा, वर्कशॉपमधला माणूस आहे म्हणता, स्टेजपेक्षा तिथेच जास्त रमतील.

---

झेडवाला_धरमपेठ

काका, लय भारी माहिती. बाबांना वाचून दाखवलं, सर्व्हिस पार्कवर ते खूश.

हिंगणाभाऊ, तुमचं वाचता-वाचताच बाबा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेले. पुढचे दोन ठीक आहेत. मागचे दोन्ही ३६१७. मला वर्षभर वाटत होतं तो टायरचा साइज आहे. आठ वर्षं झाली म्हणजे, आणि मी त्याच्यावर पेंचला जाऊन आलो. दोन नवीन रनफ्लॅटची किंमत ऐकून दुकानात पाणी मागितलं. ऑर्डर केलेत.

---

मेहकर_पर्यंत_गप्प

टायरवर सगळे बोलले, ड्रायव्हरवर कोणी बोलून नाही राह्यलं. मी कामासाठी महिन्यातून दोनदा समृद्धीनं जातो.

७०१ किलोमीटरचा रोड, त्यात नागपूरहून शिर्डीपर्यंतचे ५२० तर सरळ, सपाट, एकसारखे. सिग्नल नाही, गाव नाही, म्हैस नाही, टू-व्हीलरला परवानगीच नाही. कारंजा लाड सोडलं की डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपतो. मी एकदा मालेगाव जहाँगीरचा इंटरचेंज कधी मागे गेला तेच आठवत नव्हतं, मेहकरचा बोर्ड आला तेव्हा अंगावर काटा आला, मधली गाडी कोणी चालवली? ह्याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात, आपल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लोकांनी समृद्धीच्या अपघातांचा अभ्यास केला त्यातही हे आलं होतं. क्रूझ कंट्रोल लावून तर अजूनच लवकर होते, पायाला काम नाही, हाताला काम नाही. म्हणून झोप येवो न येवो, दर दीड तासानं थांबायचं, खाली उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं. झोपेचं वाटलं तर गाणी मोठी करून काही होत नाही, रोडच्या कडेला थांबून नाही, इंटरचेंजच्या बाहेर जाऊन वीस मिनिटं खरंच झोपायचं.

कॉन्व्हॉयचं म्हणाल तर अकरा गाड्या एकामागे एक चिकटून चालवू नका, रोडवरचे बाकीचे लोक रेस समजतात, कोणीतरी स्विफ्टवाला मधी घुसतोच. तीन-चार गाड्यांचे गट करा, गटात पुढचा एक आणि शेवटचा एक ठरलेला, पुढच्याला कोणी ओव्हरटेक करायचं नाही, मस्टँग असली तरी नाही. लिमिट १२० आहे, तेवढीच. उजव्या लेनमध्ये ट्रक भेटतील, डावीकडून काढायचा मोह आवरा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून "आम्ही क्लबवाले" दाखवायची जी फॅशन आहे ती तर बंदच करा, लेन बदलताना कोणाला काही कळत नाही.

छताचं विचारलं होतं. सकाळी पश्चिमेला जाता म्हणजे ऊन पाठीवर, परतीला संध्याकाळी पूर्वेला येता तेव्हाही पाठीवर, समृद्धीची एवढी एक मेहरबानी आहे, डोळ्यात जात नाही. पण १२० ला छत उघडं ठेवलं तर तासाभरात कान बधिर होतात, बाबांशी बोलताही येणार नाही. शिवाय तुमच्या गाडीचं कडक छत डिकीतच जाते ना? सामान कुठं ठेवाल? सिन्नर सोडल्यावर उघडा.

आणि तो "रविवारी स्टेज बघून लगेच परत" प्लॅन मला आवडला नाही. पहाटे चारला उठून, उन्हात चार तास उभं राहून, धूळ खाऊन, मग सहा-सात तास तोच सरळ रोड, तोही शेवटचा अर्धा अंधारात. संभाजीनगरला मुक्काम करा, सोमवारी सकाळी निघा. सुट्टी मिळत नसेल तर जाऊ नका, पण हे करू नका.

---

बॉक्स्टर_सदर

क्लबातलाच आहे. मुक्कामाचं मान्य, ग्रुपवर टाकतो. पेट्रोलचं सांगायचं राह्यलं. जुन्या गाड्यांना ९५ ऑक्टेन मिळेल तिथं भरा, नागपुरातूनच टाकी फुल करून निघा. मधी पंप आहेत पण प्रत्येक ठिकाणी प्रीमियम असेलच असं नाही, अर्धी झाली की भरायची, काटा खाली जायची वाट बघायची नाही. टोल समृद्धीवरून बाहेर पडतानाच कापतो, किलोमीटरमागे दोन रुपयांच्या वर, फास्टॅगमध्ये येण्या-जाण्याचे पैसे ठेवा नाहीतर गोंद्याला अकरा गाड्या एकासाठी थांबतील. मागच्या ट्रिपला तो एक मीच होतो.

---

झेडवाला_धरमपेठ

जाऊन आलो मंडळी! अपडेट द्यायला आठवडा गेला, माफ करा.

रोडवर काही म्हणजे काही झालं नाही. शिवमडक्याला पावणेपाचलाच सगळे हजर, कोणाच्या डब्यात पोहे, कोणाकडे संत्रा बर्फी. दर स्टॉपला बाबा चारही टायरवर तळहात ठेवून बघायचे, एक जास्त गरम लागतो का म्हणून, मग क्लबातल्या बाकीच्या गाड्यांचेपण बघायला लागले, शेवटी जालन्याच्या पुढे मस्टँगवाला स्वतःच "काका, माझे बघितले का" म्हणून विचारत आला. बाबांना गाडीतून उतरवायचं म्हणजे विहिरीतून भरलेली बादली काढल्यासारखं, पण एकदाही म्हणाले नाहीत की नको.

सर्व्हिस पार्कला काका म्हणाले तसंच झालं. एका गाडीचा गिअरबॉक्स काढून राह्यले होते, चौघं जण, कोणी ओरडत नाही, एकानं पाना मागायच्या आधी दुसऱ्याचा हात पुढे. बाबा दोरीच्या बाहेर घड्याळ धरून उभे. मी दोनदा चहा आणला, दोन्ही थंड झाले. गाडी खाली उतरली आणि चालू झाली तेव्हा मेकॅनिकनं हिकडं बघून अंगठा दाखवला, बाबांनी पण दाखवला. बाबांना अंगठा दाखवताना मी आयुष्यात पाह्यलं नव्हतं.

आता चूक सांगतो. धूळकाकांनी लिहून ठेवलं होतं तरी रविवारी सकाळी उशीर झाला म्हणून मी गाडी डांबरीवरून खाली घातली, फक्त वीस फूट, एका शेताच्या कडेला, दोन गाड्या आधीच उभ्या होत्या म्हणून. त्या दोन्ही फोर बाय फोर होत्या. स्टेज बघितली, ते दहा सेकंद बघितले, उंचवट्यावरून एक गाडी चारही चाकं हवेत घेऊन गेली तेव्हा मी आणि बाबा दोघंही ओरडलो, परत आलो तर मागची दोन्ही चाकं काळ्या मातीत अर्धी. नवीन टायर. ॲक्सिलरेटर दिला तर अजून खाली.

शेताचे मालक ट्रॅक्टर घेऊन आले. आता बांधायचं कुठं? खाली सगळं प्लास्टिक. मी मॅन्युअल शोधत होतो तेवढ्यात बाबांनी बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण नखानं उचकटलं, टूलकिटमधून हूक काढला आणि पेचून मोकळे. मी म्हटलं तुम्हाला कसं माहीत, तर म्हणे बाहेरून झाकण आहे म्हणजे आत काहीतरी असलंच पाहिजे. दोन मिनिटांत बाहेर. पैसे द्यायला लागलो तर त्या दादांनी घेतले नाहीत, म्हणाले नातवंडांना ते छत उघडताना दाखवा. चार वेळा उघडलं, चार वेळा बंद केलं. पाचव्यांदा बाबाच म्हणाले बॅटरी बसंल.

रात्री संभाजीनगरला थांबलो, सोमवारी दुपारी घरी. बायको विचारते पुढच्या वेळी सीट कोणाची.

आता एक प्रश्न राह्यला, काळी माती अजून व्हील आर्चमधून सुकून सुकून पडून राह्यली, पार्किंगमध्ये रोज झाडू मारावा लागतो. धरमपेठ-सदर साइडला खालून नीट धुणारं कोणी आहे का? फक्त रॅम्पवर चढताना पुढचा बंपर घासला नाही पाहिजे.